जुळी भावंडे आणि रक्तकर्करोग : आदिबल की जन्मबल?

कुलज व्याधींचा विचार आयुर्वेदास नवा नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या २४ व्या अध्यायात व्याधींचे सात प्रकार सांगताना शुक्रशोणिताच्या दोषातून उद्भवणारे ते आदिबलप्रवृत्त आणि गर्भावस्थेत मातेच्या आश्रयाने उद्भवणारे ते जन्मबलप्रवृत्त, असा स्पष्ट भेद केला आहे. व्यवहारात मात्र दोहोंनाही ‘आनुवंशिक’ हा एकच शब्द लावला जातो. या गल्लतीचे परिणाम भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांस परिचित आहेत. मुलास रक्तकर्करोग झाला की बोट सुनेच्या माहेराकडे वळते आणि बहिणीच्या विवाहाची चिंता सुरू होते.

या प्रश्नाचा उलगडा जुळ्यांच्या अभ्यासाने होतो. एका फलित बीजाचे विभाजन होऊन जन्मलेल्या एकबीज जुळ्यांचे जनुक जवळजवळ सारखेच असतात. द्विबीज जुळ्यांत ते इतर सख्ख्या भावंडांइतकेच जुळतात. व्याधी बीजातूनच येत असेल तर पहिल्या गटात ती दोघांनाही होण्याचे प्रमाण अधिक दिसावे. असा अभ्यास नॉर्डिक देशांत शक्य झाला, कारण तेथे नोंदी आहेत. डेन्मार्कची कर्करोग नोंदणी १९४२ पासूनची, तर जुळ्यांची नोंदणी १९५४ मधील आहे. आपल्याकडे मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली.

डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन येथील दोन लाखांहून अधिक जुळ्या व्यक्तींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व कर्करोगांचा एकत्रित आनुवंशिक वाटा ३३ टक्के आढळला. हा आकडा समाजातील व्यक्ती-व्यक्तींमधील भेदाचा आहे; एखाद्या रुग्णाची एक तृतीयांश व्याधी पूर्वजांकडून आली, असा त्याचा अर्थ नव्हे.

बालकांतील रक्तकर्करोगाची कथा याहून वेगळी आहे. एक वर्षाच्या आतील एकबीज जुळ्यांपैकी एकास हा रोग झाल्यास आणि दोघांची वार एकच असल्यास दुसऱ्यासही तो होणे जवळजवळ निश्चित असते. दोन ते सहा या वयात हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर येते. वरकरणी हा बीजदोष वाटतो. परंतु लंडनचे संशोधक मेल ग्रीव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले की, अशा जुळ्यांच्या रोगग्रस्त पेशींत जनुकाचा भंग नेमका एकाच ठिकाणी झालेला असतो, परंतु तो वंशपरंपरेने आलेला नसतो. गर्भाशयात एका गर्भाच्या एका पेशीत विकृती होते आणि सामाईक वारेतील रक्तवाहिन्यांतून ती पेशीसंतती दुसऱ्या गर्भात पोहोचते. मोठ्या बालकांत रोग प्रकट होण्यास जन्मानंतर आणखी विकृती घडावी लागते. दुसऱ्या बालकात ती बहुधा घडतच नाही.

सुश्रुताचार्यांनी रक्तकर्करोग वर्णिला, असा आमचा दावा नाही. परंतु जन्मजात ते सर्व कुलज नव्हे, हा त्यांचा विवेक येथे उपयोगी पडतो. जन्मबल म्हणताच मातेच्या आहारविहारास दोष देण्याचा मोह मात्र टाळावा. या विकृतीस मातेचे आचरण कारण आहे, असे सिद्ध झालेले नाही.

प्रौढांतील चित्र निराळे आहे. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियात कौटुंबिक कल ठळक आढळतो. रुग्णाच्या सख्ख्या नातलगांत धोका कित्येक पटींनी अधिक असतो. तथापि मूळ धोकाच अल्प असल्याने बहुसंख्य नातलग निरोगीच राहतात.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती अशी. बालकात न हटणारा ज्वर, वाढता पांडुत्व, त्वचेवर जांभळे डाग, अस्थिशूल वा ग्रंथिवृद्धी दिसल्यास केवळ लोहकल्पांवर वेळ दवडू नये. सीबीसी व रक्तपेशींची सूक्ष्मदर्शक तपासणी त्वरित करून घ्यावी आणि शंका येताच परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रात रुग्णास पाठवावे. रुग्ण एकबीज जुळ्यांपैकी असल्यास, दुसरे बालक खेळते-हसते असले तरी त्याचीही तपासणी त्याच वेळी व्हावी. आणि कुटुंबास स्पष्ट सांगावे : हा कोणाच्या माहेरचा वा सासरचा दोष नाही.