मनगट दुखावल्यावर जोर-बैठकांचे काय करावे?

उत्तरायणाच्या दिवशी, १४ जानेवारीला, सारे सुरत शहर गच्चीवर असते. नजर पतंगाकडे आणि पाय भलतीकडे! पडणारा मनुष्य स्वभावतःच हात पुढे टेकतो आणि सबंध देहाचा भार उघड्या तळहातावर येतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात व न्हाणीघरात हेच घडते; तालमीतही घडते. खानदेशातून येऊन उधना-लिंबायत भागात स्थिरावलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांची चूल यंत्रमागावर चालते, म्हणजे पर्यायाने मनगटावरच चालते. म्हणून या दुखापतीनंतर व्यायाम कसा बदलावा, याचा विचार आम्ही येथे थोडा विस्ताराने करीत आहोत.

आपल्या तालमींत हाड बसविणे हे वस्तादाचेच काम समजत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव यांचा लौकिक व्यायामाप्रमाणे हाडे बसविण्याबद्दलही होता. त्या परंपरेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. तथापि मनगटात आठ लहान हाडे असतात, आणि त्यांतील एक फार फसवे आहे. होडीच्या आकाराच्या या हाडास डॉक्टर स्कॅफॉइड म्हणतात. अंगठा ताणला असता त्याच्या मुळाशी जी खळगी पडते, तेथे दाबून दुखत असेल तर हे हाड मोडल्याचा संशय घ्यावा. सूज बेताची असते, हात हलतो, म्हणून मनुष्य ‘लचकले असेल’ म्हणून तेल चोळीत बसतो. पहिल्या क्ष-किरण चित्रात ही मोड कधी कधी दिसतही नाही; दहा-चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे लागते. या हाडाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने हयगय झाल्यास ते जुळतच नाही आणि मनगट जन्माचे अधू होते. सबब निदानापूर्वी चोळणे नको, आणि व्यायामही नको.

मनगटाजवळची साधी मोड बहुधा पाच-सहा आठवड्यांत जुळते. स्कॅफॉइडला त्याहून बराच अधिक काळ लागतो. या मुदतीत पुष्कळ जण गळ्यात झोळी अडकवून स्वस्थ बसतात. आमच्या मते खरे नुकसान येथेच होते. प्लॅस्टरबाहेरची बोटे दिवसातून अनेकदा उघडमीट करावी. डॉक्टरांची ना नसेल तर कोपर व खांदाही हलवावा, नाहीतर मनगट बरे होईतो खांदा आखडतो. (बोटे बधिर किंवा निळसर झाली तर मात्र तडक डॉक्टरांकडे जावे.) बैठकांना तर मनगट लागतच नाही! धड्या हाताचा व्यायामही सोडू नये. एका हाताला दिलेल्या मेहनतीचा लाभ दुसऱ्यासही काही अंशी मिळतो, हे अमेरिकेतील येल विद्यापीठात १८९४ सालीच दिसून आले होते. कॅनडात मनगट मोडलेल्या पन्नाशीपुढील स्त्रियांवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी धड्या हाताने पकडीची मेहनत केली, त्यांच्या दुखऱ्या हातात बाराव्या आठवड्यास इतरांपेक्षा अधिक बळ आढळले.

प्लॅस्टर निघाल्यावर प्रथम हालचाल, मग बळ. कोमट पाण्यात हात धरून मनगट हळूहळू वरखाली करावे, तळहात उलटसुलटा करावा. मग मऊ चेंडू दाबावा, ओला पंचा पिळावा. डॉक्टरांनी हाड जुळल्याचे सांगितल्यावरच हातावर भार घ्यावा.

आता जोरांकडे वळू. जोरात मनगट जवळजवळ काटकोनात मागे वाकते आणि त्याच स्थितीत भार पेलते. सत्तर किलो वजनाच्या मनुष्याने शरीर सरळ ठेवून साधा जोर काढला, तर दोन्ही हातांवर मिळून सुमारे ४५ किलो भार येतो. गुडघे टेकले तर तो ३४ किलोंच्या आसपास उतरतो, आणि हात दोन फूट उंच बाकावर ठेवले तर २९ किलोंच्या. भिंतीला टेकून उभ्याने काढलेल्या जोरात तो याहूनही कमी. तेव्हा क्रम आपोआप ठरतो: भिंत, मेज, बाक, मग जमीन. शिवाय तळहात न टेकता मुठीत धरता येतील असे भक्कम लाकडी ठोकळे वापरले, तर मनगट सरळ राहते. कित्येकांना एवढ्यानेच वेदनेवाचून जोर जमू लागतात. सूर्यनमस्कारातही जमिनीऐवजी भिंतीशी ठेवलेल्या, न सरकणाऱ्या बाकावर हात टेकावेत.

मुद्गलाचे गणित निराळे. त्याचे वजन मुठीपासून दूर असते, म्हणून दोन किलोंचा मुद्गलही मनगटास जड जातो. आधी तेवढ्याच वजनाचे डंबेल घ्यावे, त्यात भार मुठीतच राहतो. मुद्गल नंतर, तोही आखूड. लेझमीचा झटका त्याहून नंतर. मल्लखांब सर्वांत शेवटी, कारण तेथे हात निसटला तर पुन्हा पडणे आलेच.

पुढची पायरी केव्हा चढावी, हे त्या घटकेच्या उत्साहावर ठरवू नये. मेहनतीनंतर किंचित ठणकले आणि रात्रीतून निवले, तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट सुजलेले वा घट्ट वाटले, तर एक पायरी खाली उतरावे आणि आठवडाभर तेथेच राहावे. यंत्रमागावर पाळी करणाऱ्याने ही मेहनत सुटीच्या दिवशी सुरू करावी. कामाचा शीण आणि व्यायामाचा ठणका एकत्र आले, तर कोणता कशाचा हे ओळखू येत नाही.