वळू घोड्याची निवड : स्वभाव आणि बांधा

पैदाशीसाठी राखावयाचा नर घोडा निश्चित करताना त्याचा बांधा, स्वभाव, वंशावळ, प्रजननक्षमता व संततीचे गुण यांचा एकत्रित विचार केला जातो. खच्ची न केलेल्या व पैदाशीसाठी वापरल्या जाणाऱ्या नरास वळू म्हणतात. बांधा म्हणजे अस्थी, सांधे व स्नायू यांची ठेवण. तर स्वभाव म्हणजे नवीन, भीतिदायक किंवा त्रासदायक परिस्थितीत घोडा ज्या ठराविक रीतीने प्रतिसाद देतो ती रीत. या दोहोंपैकी कशाला किती महत्त्व द्यावे, हा पैदासकारांपुढील जुना प्रश्न आहे. बांधा उभ्या घोड्यात दिसतो व मोजता येतो. स्वभाव मात्र कामाच्या वेळीच कळतो. यामुळे बाजारात बांध्याला किंमत येते आणि दुर्लक्षित स्वभावाची किंमत पुढे घोडा हाताळणाऱ्यास मोजावी लागते.

निवडीचे महत्त्व : घोडीचा गर्भावधी सु. ११ महिने असतो व तिला वर्षाला फार तर एक शिंगरू होते. वळूपासून मात्र एकाच हंगामात अनेक घोड्या फळविता येतात. शिंगरू तीन-चार वर्षांचे होऊन खोगिराखाली किंवा गाडीला जुंपले जाईपर्यंत त्याचा कामातील स्वभाव पुरता समजत नाही. म्हणजे आज निवडलेल्या वळूविषयीचा खरा निर्णय चार-पाच वर्षांनी लागतो. तोपर्यंत त्याची संतती अनेक तबेल्यांत पसरलेली असते. ज्याच्याकडे एकच घोडी आहे अशा मालकाच्या दृष्टीने चुकीच्या वळूमुळे घोडीची वर्षे व शिंगराच्या संगोपनाचा खर्च, दोन्ही वाया जातात.

पूर्वपरंपरा : भारतात अश्वलक्षणांची परंपरा शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाते. या परंपरेत रंग, पांढरे पट्टे व केसांचे भोवरे यांवरून घोड्याचे शुभाशुभ ठरवीत. चारही पाय व तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा शुभ मानला जाई. भोवरा विशिष्ट ठिकाणी असल्यास ती खोड समजली जाई. मराठीत ‘खोड’ हा शब्द शरीरावरील अशुभ चिन्ह आणि वाईट सवय या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. शरीरावरील खुणेवरून स्वभाव ओळखता येतो, या समजुतीचेच ते द्योतक आहे. कपाळावरील भोवरा व वर्तन यांच्या संबंधाविषयी अलीकडे काही अभ्यास झाले आहेत. परंतु त्यावरून वळू निवडावा वा नाकारावा इतका भक्कम पुरावा मिळालेला नाही. ग्रीक लेखक झेनोफन याने इ. स. पू. चौथ्या शतकात लिहिलेल्या अश्वविद्येवरील ग्रंथात खुरापासून परीक्षेस आरंभ केला आहे. खोगिराखाली आलेल्या घोड्याची परीक्षा मात्र त्याच्या वागण्यावरूनही करावी, असे त्याने सांगितले आहे.

बांधा : घोड्याच्या शरीराचा सु. ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. म्हणून पुढच्या पायांच्या ठेवणीला प्रथम महत्त्व देतात. तिरपा खांदा, खोल छाती, आखूड व भक्कम पाठ, बळकट कंबर, गुडघ्याखालील आखूड नळी आणि शरीराच्या मानाने पुरेसे मोठे खूर ही चांगली लक्षणे होत. घोट्याखालील भाग व खुराची पुढची बाजू एकाच रेषेत असावी. समोरून पाहिल्यास पाय सरळ असावेत. गुडघा मागे वाकलेला असल्यास नळीमागील स्नायुबंधांवर व सांध्यावर ताण येऊन घोडा लवकर लंगडतो. मागील पायांतील मधला सांधा विळ्यासारखा अधिक वाकलेला असणे किंवा दोन्ही सांधे गायीप्रमाणे एकमेकांकडे वळलेले असणे हे दोष समजतात. परंतु सौम्य स्वरूपात असल्यास ते कामाच्या आड येतातच असे नाही. वरचा जबडा पुढे येऊन पोपटतोंड झालेला घोडा नीट चरू शकत नाही. एक किंवा दोन्ही वृषणे पोटातच राहिलेला नर पैदाशीस घेऊ नये, कारण हा दोष आनुवंशिक असण्याचा संभव असतो.

बांध्यातील दोषांचे दोन वर्ग करणे सोयीचे ठरते : घोड्यास लंगडा, आजारी किंवा अनुत्पादक करणारे दोष आणि केवळ देखणेपणास बाध आणणारे दोष. आखूड मान किंवा जड डोके हे दुसऱ्या वर्गातील दोष होत. स्वभावाशी तुलना करताना हा भेद विसरल्यास तुलनेला अर्थ राहत नाही.

स्वभाव : वळूचा स्वभाव पारखताना जन्मजात प्रवृत्ती, शिकवण आणि परिस्थितीजन्य बिघाड या तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एकट्यास कोंडून ठेवलेला, घोड्यांचा सहवास न मिळालेला व पुरेशी रपेट नसलेला वळू चावरा होऊ शकतो; हा दोष पाळण्याच्या पद्धतीचा असतो. लाकडास दात लावून हवा ओढणे, जागच्या जागी डुलत राहणे या सवयी बहुधा कोंडलेल्या अवस्थेत जडतात, तथापि त्यांकडे कल असणे काही वंशांत अधिक आढळते. दातदुखी, पाठदुखी किंवा जठरातील व्रण यांमुळेही शांत घोडा लाथा झाडू लागतो. घोडीच्या सान्निध्यात वळूने उत्तेजित होणे हा दोष नव्हे. त्या वेळीही तो मोतद्दाराचे ऐकतो की नाही, हे पाहावयाचे असते.

भित्रेपणा, कुतूहल व माणसाविषयीची सहनशीलता या गुणांत बापाकडून येणारा वाटा असतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. जपानमध्ये थरोब्रेड घोड्यांवर झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोपामीन या मेंदूतील द्रव्याच्या ग्राहीशी संबंधित जनुकातील फरक व घोड्याचे कुतूहल आणि सावधपणा यांत संबंध आढळला. मात्र एकाच जनुकाने स्वभाव ठरत नाही. सामान्यतः उंचीसारख्या गुणात आनुवंशिक वाटा मोठा, तर स्वभावात तो मध्यम किंवा कमी असतो. शिंगरू पाच-सहा महिने आईजवळ वाढते व माणसाशी कसे वागावे हे तिच्याकडून शिकते. त्यामुळे घोडीच्या स्वभावाचा परिणाम वंशाने व सहवासाने असा दुहेरी होतो. तापट घोडीस शांत वळू दाखविला म्हणजे दोष निघून जाईल, ही अपेक्षा म्हणूनच पुरती खरी ठरत नाही.

तुलनेच्या पद्धती : पशुप्रजननशास्त्रात अनेक गुणांचा एकत्र विचार करण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिल्या रीतीत प्रत्येक गुणासाठी किमान पातळी ठरवितात व तिच्याखालील प्राणी बाद करतात. दुसऱ्या रीतीत प्रत्येक गुणाला भारांक देऊन गुणांची बेरीज करतात. तीत एका गुणातील उणीव दुसऱ्यातील आधिक्याने भरून निघते. वळूच्या बाबतीत दोन्ही रीतींचा क्रमाने उपयोग करणे इष्ट होय. लंगडेपणा आणणारा बांधा आणि कारण नसताना माणसावर धावून जाण्याची खोड यांसाठी किमान पातळीच असावी, कारण देखणी मान चावऱ्या घोड्यास सुरक्षित करीत नाही व शांत स्वभाव सदोष सांध्याला भार पेलण्याचे बळ देत नाही. या चाळणीतून उतरलेल्या घोड्यांतच पुढे भारांकांनी तुलना करावी.

एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक गुणांसाठी एकाच वेळी निवड केल्यास प्रत्येक गुणातील प्रगती मंदावते. असे चार गुण सारख्या महत्त्वाने घेतले, तर प्रत्येकातील प्रगती केवळ त्याच गुणासाठी निवड केली असता झाली असती त्याच्या सु. निम्मी होते. रंग, भोवरे व कानांची ठेवण यांना निवडीत मोठे स्थान दिल्यास त्याची भरपाई बहुधा पाय आणि स्वभाव यांतून होते.

भारांक कामावरून ठरतात. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत वेगाला इतर सर्व गुणांपेक्षा महत्त्व असते. अमेरिकेत १९८६ मध्ये जन्मलेल्या संडे सायलेन्स या घोड्याच्या मागील पायांची ठेवण सदोष व स्वभाव तापट होता. त्याचा बाप हेलो हाही रागीटपणाबद्दल कुप्रसिद्ध होता. तरीही १९८९ ची केंटकी डर्बी जिंकलेला हा घोडा जपानमध्ये नेल्यावर १९९५ ते २००७ अशी सलग १३ वर्षे तेथील अग्रगण्य वळू ठरला. हे उदाहरण बांधा व स्वभाव गौण असल्याचे सिद्ध करीत नाही. अशी संतती कुशल व्यावसायिकांच्या हाती राहते, एवढाच त्याचा अर्थ आहे. याउलट जर्मनीत सर्वसामान्य स्वारीच्या घोड्यांसाठी वळू प्रथम बांधा व चाल यांवर निवडतात आणि नंतरच्या कार्यपरीक्षेत स्वभाव, कामाची तयारी व स्वाराला मिळणारी साथ यांना स्वतंत्र गुण देतात.

महाराष्ट्रातील स्थिती : भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी घोडे मराठ्यांच्या घोडदळात प्रसिद्ध होते. स्थानिक तट्टांचा अरबी व तुर्की घोड्यांशी संकर होऊन ते घडले, असे मानतात. लहान चण, काटकपणा व थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारण्याची क्षमता हे त्यांचे गुण. २०२३-२४ मध्ये भीमथडीची स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंद झाली. अशा मर्यादित संख्येच्या जातीत एकाच लोकप्रिय वळूचा अतिवापर टाळणे आवश्यक असते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा व नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील यात्रांत घोड्यांचे मोठे बाजार भरतात. तेथे उंची, रंग, चाल व नाच यांवर बोली लागते. गर्दीबाहेर घोडा कसा वागतो हे पाहण्यास ग्राहकाला अवसर थोडा मिळतो.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा कल्याण–कर्जत लोहमार्गावरील पट्टा घोडेपैदाशीसाठी परंपरेने प्रसिद्ध नाही. परंतु कामाच्या घोड्यास कोणता स्वभाव लागतो हे तेथील परिस्थितीवरून स्पष्ट होते. शिवकाळात सुरतेच्या वाटेवर घोडे बदलण्याचा टप्पा येथे असल्याने बदलापूर हे नाव पडले, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. टप्प्यावरचा घोडा अनोळखी स्वाराला तत्काळ स्वीकारणारा असावा लागतो. तेथे देखणेपणाला महत्त्व नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अशा दाट वस्तीच्या नगरांत वरातीच्या घोड्याला बँड, फटाके, झगझगीत दिवे व वाहने यांमधून नवख्या स्वाराला घेऊन चालावे लागते. अंबरनाथच्या १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिराजवळ महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. तशा गर्दीत उधळलेला घोडा स्वारासह अनेकांच्या जिवावर बेततो. बदलापूरच्या पुढे काही स्थानकांवर असलेल्या नेरळहून माथेरानला जातात. तेथे खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापलीकडे प्रवेश नाही व प्रवासी मोठ्या प्रमाणावर घोड्यांचा उपयोग करतात. कड्यालगतच्या वाटांवर लहान मुले व प्रथमच बसणारे प्रवासी यांना वाहणाऱ्या घोड्यात शांतपणा व पायाचा पक्केपणा दोन्ही अपरिहार्य असतात. कोकणच्या पावसाळी चिखलात खूर मऊ पडून कुजण्याचा धोका असल्याने घाटमाथ्यावरून घोडे आणताना टणक व नीट आकाराचे खूर विशेष पाहावे लागतात.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. कामास लावलेला शांत नर सोयीसाठी खच्ची केला जातो आणि त्याचा वंश तेथेच खुंटतो. भडक चालीचा, दिमाखदार नर मात्र प्रदर्शनासाठी अखंड राखला जातो व पुढे वळू बनतो. ही प्रथा अनेक पिढ्या चालल्यास निवड गरजेच्या उलट दिशेने होण्याचा धोका संभवतो. तो टाळण्यासाठी कामात उत्तम ठरलेल्या घोड्यांच्या बापांची व भावंडांची नोंद ठेवून त्यांतून वळू निवडणे उपयुक्त ठरते.

परीक्षेची पद्धत : घोडा कठीण व सपाट जमिनीवर चारही बाजूंनी पाहावा, पावलाने व दुडकीने सरळ रेषेत चालवून घ्यावा. स्वभावपरीक्षा एकाच भेटीत उरकू नये. विक्रीपूर्वी दमविलेला किंवा गुंगीचे औषध दिलेला घोडाही शांत दिसतो. निराळ्या दिवशी व निराळ्या ठिकाणी, शक्य तर अनोळखी मोतद्दाराकरवी, त्याचे चारही पाय उचलून पाहावेत, सर्वांगावर हात फिरवावा, सोबतच्या घोड्यांपासून दूर न्यावे आणि उघडलेली छत्री किंवा फडफडते कापड काही अंतरावरून दाखवावे. घोडा दचकतो की नाही यापेक्षा दचकल्यावर किती लवकर सावरतो, हे अधिक महत्त्वाचे होय.

वळूची संतती उपलब्ध असल्यास ती पाहणे ही सर्वांत विश्वसनीय परीक्षा होय. निरनिराळ्या घोड्यांची व निरनिराळ्या मालकांकडे वाढलेली शिंगरे पाहावीत. त्या सर्वांत तोच दोष आढळल्यास तो वळूकडून आल्याचा संभव अधिक असतो. एकाच तबेल्यातील शिंगरांत आढळल्यास तो पालनपद्धतीचा असू शकतो. घोडी फळविण्यापूर्वी पशुवैद्याकडून वळूच्या जननेंद्रियांची व वीर्याची तपासणी, तसेच ग्लँडर्स व संसर्गजन्य अश्वपांडुरोग यांसाठी रक्तपरीक्षा करून घेणे आवश्यक असते. सर्व कसोट्यांनंतर दोन वळू तुल्यबल राहिल्यास, ज्याची शिंगरे सामान्य माणसाच्या हाती द्यावयाची आहेत अशा पैदाशीत स्वभावाने सरस असलेल्याची निवड करतात.