मथळ्यातील कर्ता

किरण नवगिरे ही आमच्या सोलापूर जिल्ह्यातील मिरे गावची. २०२२ साली नागालँडतर्फे खेळताना वीस षटकांच्या सामन्यात तिने नाबाद १६२ धावा काढल्या. तोवर कोणा भारतीय पुरुषालाही दीडशेचा पल्ला गाठता आला नव्हता! आणि मला तिचे नाव कळले केव्हा? २०२३ च्या मार्चमध्ये. तिच्या बॅटवर धोनीची आद्याक्षरे होती, या बातमीमुळे! त्या दिवशी तिने ५३ धावा काढल्या होत्या, हे मागाहून समजले.

मी वर्गात व्याकरण शिकवतो. वाक्यात कर्ता कोण, हा तिथला पहिला प्रश्न. वार्ताहरबंधूंनो, मथळा देताना तेवढेच स्वतःला विचारा. धावा तिच्या असतील, तर कर्तेपणही तिचेच असू द्या.