वाकलेल्या अवकाशाचा हिशेब

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, हे आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेले असते. आता टेबलावरचा पृथ्वीगोल जवळ घ्या. उत्तर ध्रुवावरून एक रेघ सरळ विषुववृत्तापर्यंत आणा. तिथे काटकोनात वळून विषुववृत्तावरून पृथ्वीला पाव फेरी मारा आणि पुन्हा काटकोनात वळून ध्रुवाकडे परत या. त्रिकोण झाला, पण त्याचे तिन्ही कोन काटकोन. म्हणजे बेरीज २७० अंश! युक्लिड चुकला नव्हता. त्याचा कागद सपाट होता, एवढेच.

गोल वाकलेला आहे हे आपल्याला बाहेरून दिसते. त्यावर चालणाऱ्या मुंगीला ते कळेल का? कळेल. तिने फक्त अंतरे आणि कोन मोजत राहायचे. पृष्ठभागापुरते हे गाउसने १८२७ मध्ये दाखवले होते. पुढची उडी बर्नहार्ड रीमानची. आपण ज्या अवकाशात राहतो, तेच वाकलेले असेल तर? इथे बाहेर जाऊन पाहण्याची सोय नाही. आपणच ती मुंगी.

ही कल्पना त्याने मांडली १० जून १८५४ रोजी, जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात. वय २७. एका पाद्र्याचा हा मुलगा गरिबीत वाढलेला, बुजरा आणि प्रकृतीने नाजूक. शिकवण्याची परवानगी मिळावी म्हणून हे व्याख्यान द्यायचे होते. पगार नाहीच, विद्यार्थ्यांची फी मिळेल तेवढीच. उमेदवाराने तीन विषय सुचवायचे आणि त्यातला बहुधा पहिला निवडला जायचा. रीमानची तयारीही पहिल्या दोन विषयांचीच होती. वृद्ध गाउसने नेमका तिसरा निवडला: भूमितीच्या पायाशी असलेली गृहीतके.

श्रोत्यांत सगळेच गणिती नव्हते, म्हणून रीमानने सूत्रे जवळजवळ टाळलीच. त्याचे म्हणणे असे की, अंतर मोजण्याचा नियम सगळीकडे एकच असायला हवा, असे नाही. तो जागोजागी बदलू शकतो, आणि तो कसा बदलतो यावरून वक्रता काढता येते. मिती तीन असोत, चार असोत वा कितीही. हा नियम असा का, याचे उत्तर भौतिकशास्त्रात शोधावे लागेल, असेही त्याने शेवटी सुचवले. सहसा कुणाचे कौतुक न करणारा गाउस त्या दिवशी भारावून घरी गेला.

हे व्याख्यान छापले गेले १८६८ मध्ये. त्याआधी दोन वर्षे, वयाच्या ३९व्या वर्षी, रीमान क्षयाने इटलीत वारला होता.

१९१२ मध्ये आइन्स्टाइनला गुरुत्वाकर्षणासाठी योग्य गणित सापडत नव्हते. मार्सेल ग्रोसमान या मित्राने त्याला रीमानची भूमिती दाखवली आणि १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्ण झाला. म्हणून सापेक्षता रीमाननेच शोधली, असे मात्र म्हणू नये. त्याने अवकाश वाकवले. काळ त्यात गुंफला तो नंतरच्यांनी.

मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांतली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर पार करतो. ही दुरुस्ती याच सिद्धांतावरून केली जाते.

मूळ संख्यांविषयीचे रीमानचे १८५९ चे गृहीतक हा वेगळ्या भाषणाचा विषय. त्याच्या सिद्धतेसाठी २००० साली दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. ते अजून कुणी नेलेले नाही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने अवकाशातली थरथर प्रत्यक्ष पकडली. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. अशा लहरी ओळखण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकातही अनेक वर्षे काम झाले आहे. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या भुजाही चार-चार किलोमीटरच्याच असतील.