पेट्रोल जाते कोठे?

मोटार बाळगणाऱ्या माणसाला तिच्या ॲव्हरेजविषयी विचारले असता तो जे उत्तर देतो, त्यात वस्तुस्थिती थोडी आणि अभिमान पुष्कळ असतो. परंतु हेच ॲव्हरेज एकाएकी घसरले म्हणजे अभिमानाची जागा संशय घेतो. पेट्रोल पंपावर माप कमी दिले असेल, कारखान्यातील मेकॅनिकने काही बिघडवले असेल, किंवा कोणी टाकीतून पेट्रोल काढीत असेल, अशा शंका मनात येऊ लागतात. यंत्राचा विचार मागाहून सुचतो आणि माणसाचा आधी सुचतो. असेच एक प्रकरण मी जवळून पाहिले. ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

दिल्लीत स्थायिक झालेल्या माझ्या एका स्नेह्यांकडे दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. इंजिन दोन लिटरचे. शहरात ती लिटरमागे ११ किलोमीटर जात असे. एका डिसेंबरात त्यांनी टाकी भरून हिशेब केला, तो ४० लिटरांत अवघे ३४० किलोमीटर झालेले. म्हणजे लिटरमागे साडेआठ. पूर्वीच्या मानाने एवढ्या अंतरास ३१ लिटर पुरावयास हवे होते. "प्रत्येक टाकीमागे नऊ लिटर कोठे जातात?" हा प्रश्न त्यांना पडला, आणि उत्तरही त्यांनीच ठरवून टाकले. रोज पहाटे गाडी धुण्यास एक तरुण येत असे व किल्ली त्याच्या हाती असे. त्यांनी त्याला येण्यास मनाई केली. अशी गोष्ट एका घरापुरती राहत नाही. शेजारच्या चार घरांनीही त्याचे काम बंद केले.

अशा प्रसंगी पहिले काम म्हणजे मोजमाप. डॅशबोर्डावरील आकडा हा गाडीच्या संगणकाचा अंदाज असतो. खात्रीची रीत जुनीच आहे. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरून किलोमीटरांना लिटरांनी भागावे. एका टाकीवर निर्णय देऊ नये. तीन तरी पाहाव्यात. टायर बदलले असतील तर तेही ध्यानात घ्यावे. नव्या टायरचा घेर शेकडा ३ ने मोठा असला, तर मीटर तितकेच अंतर कमी दाखवतो आणि काही न बिघडताच ॲव्हरेज उतरलेले दिसते. मात्र गाडीपाशी पेट्रोलचा वास येत असेल वा खाली ओल दिसत असेल, तर मोजमाप करीत बसू नये. गाडी तेथेच उभी करावी, कारण तेथे प्रश्न पैशाचा नसून आगीचा आहे.

स्नेह्यांच्या तीन टाक्यांचा हिशेब साडेआठाच्याच आसपास आला. घट खरी होती. मग चोरीची परीक्षा झाली. रात्री मीटरचा आकडा टिपावा व सकाळी पडताळावा, हा एक भाग. दुसरा भाग अधिक निर्णायक होता. २०१२ साली खुल्या झालेल्या १६५ किलोमीटरांच्या यमुना द्रुतगती मार्गाने ते आग्र्यास जाऊन त्याच दिवशी परतले. निघताना टाकी काठोकाठ भरली, परत येताच पुन्हा भरली, आणि मधल्या वेळी गाडी नजरेआड होऊ दिली नाही. या रस्त्यावर पूर्वी १४ मिळत. या खेपेस १२ मिळाले. टाकीला कोणाचा हात लागला नव्हता, तरी पेट्रोल अधिक जळाले होते. तो तरुण या एका आकड्याने निर्दोष ठरला.

या आकड्याने आणखी एक गोष्ट सांगितली. लांबच्या प्रवासात घट शेकडा १४, शहरात शेकडा २३. एखाद्या चाकाचा ब्रेक जाम झाला असता तर तो हमरस्त्यावरही तितकाच छळला असता, आणि थांबल्यावर ते चाक इतरांहून तापलेले आढळले असते. चारही चाके सारखीच होती. वेगाचा प्रश्नही नव्हता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटरांनी जाऊ लागल्यास तो जवळजवळ दुप्पट होतो. परंतु आमचे स्नेही वेगाच्या बाबतीत संयमी आहेत.

पेट्रोलमधील इथेनॉलकडेही बोट दाखवण्यात आले. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच उष्णता असते. शेकडा २० मिश्रणाचे पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, जुन्या घडणीच्या चारचाकी गाड्यांची घट शेकडा ६ ते ७ अंदाजिली होती. म्हणजे शेकडा २३ चा खुलासा त्याने होत नाही. शिवाय हेच पेट्रोल उन्हाळ्यातही टाकीत होते, आणि तेव्हा ११ मिळत होते.

एका कारखान्याने ऑक्सिजन सेन्सर व इंजेक्टर बदलण्याचा सल्ला दिला. सल्ला अगदीच निराधार नव्हता. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण सांभाळण्यासाठी धुराच्या नळीत एक संवेदक बसवलेला असतो. बॉश कंपनीने तो १९७६ मध्ये व्होल्वो गाड्यांसाठी प्रथम बाजारात आणला. मिश्रणात पेट्रोल अधिक झाले की तो सुमारे ०.९ व्होल्टचा संकेत देतो, कमी झाले की ०.१ चा. तो बिघडला तर इंजिन गरजेहून अधिक पेट्रोल पिऊ लागते. परंतु महागडा भाग बदलण्यापूर्वी तो बिघडला आहे हे सिद्ध झाले पाहिजे. डॅशबोर्डाखालच्या सॉकेटला तपासणीचे यंत्र लावले, तेव्हा संवेदकाचा संकेत ठरल्याप्रमाणे वरखाली होत होता. दोष दुसऱ्याच आकड्यात होता. अर्धा तास गाडी चालवूनही कूलंटचे तापमान ६० अंशांपुढे जाईना. ते ९० च्या आसपास हवे होते.

इंजिन आणि रेडिएटर यांच्या दरम्यान थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप असते. तिच्यात मेण भरलेले असते. इंजिन थंड असता झडप मिटलेली असते व पाणी इंजिनातच फिरते. ८० ते ९० अंशांच्या सुमारास मेण वितळून फुगते, झडप उघडते, आणि पाणी रेडिएटरकडे जाऊन निवते. ही झडप उघडीच अडकली, तर इंजिनाला धड ऊब येतच नाही. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून संगणक ते अधिक सोडतो; तेल घट्ट राहते, घर्षण वाढते. उन्हाळ्यात हा दोष फारसा जाणवत नाही. दिल्लीच्या थंडीत, रोजच्या सहा किलोमीटरांच्या फेरीत, तो भरपूर जाणवतो. या गाडीत उष्णतेचा काटा नाही. केवळ एक निळा दिवा आहे आणि तो ६० अंशांच्या आतच विझतो. त्यामुळे इशारा कोणी दिला नाही. इशारा नव्हता असे मात्र नव्हे. बोलता बोलता स्नेही म्हणाले, "यंदा हीटरही कोमटच वारा देतो." वस्तुतः निदान त्या वाक्यातच होते, ऐकणारा तेवढा हवा होता.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. प्रथम टायरमधील हवा पाहिली. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील दाब सुमारे एक पौंडाने घटतो. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत चार पौंडांनी कमी भरली. ती ठीक करताच साडेआठाचे ८.८ झाले. नंतर थर्मोस्टॅट बदलला, आणि त्याच थंडीत, त्याच रस्त्यांवर, पुढील तीन टाक्यांची सरासरी १०.६ आली. उरलेला अर्धा किलोमीटर थंडीचा. तो उन्हाळ्याबरोबर परत येतो.

नऊ लिटर अशा रीतीने सापडले. ते कोणी नेले नव्हते. थंड इंजिनातच गेले होते. त्याची किंमत म्हणजे तळहाताएवढी एक झडप.

दुसरी किंमत मात्र हिशेबात धरावयाची राहिली होती. स्नेही त्या तरुणाच्या वस्तीत स्वतः गेले, झाल्या गोष्टीची क्षमा मागून किल्ली त्याच्या हाती परत दिली, आणि मग शेजारच्या चारही दारांशी जाऊन आपली चूक सांगून आले. तिघांनी त्याला पुन्हा कामावर घेतले. चौथ्या घराने तोवर दुसरा माणूस ठेवला होता.