सगळं आधी कळणारी बाई

न्यूयॉर्कचं मेसीज हे दुकान, नाताळची गर्दी, आणि पाय दुखून वैतागलेली एक आई. मुलाला खेळण्यातला आगीचा बंब हवाय आणि तो कुठंच मिळत नाही, हे तिनं दुकानं पालथी घालून पाहिलंय. तरी दुकानातला सांताक्लॉज पोराला बेधडक सांगतो, मिळेल म्हणून. आई त्याच्यावर उखडते. सांता तिला शांतपणे दुसऱ्या एका दुकानाचं नाव सांगतो. स्वतःच्या गिऱ्हाइकाला हा माणूस दुसरीकडं पाठवतोय, यावर तिचा आधी विश्वासच बसत नाही. मग ती मॅनेजरला गाठून बजावते, की आता मी कायमची तुमची गिऱ्हाईक.

‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ (१९४७) मधली ही बाई म्हणजे थेल्मा रिटर. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. दिग्दर्शक जॉर्ज सीटन घरोब्यातला, त्यानं बोलावलं म्हणून ती गेली. पण ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्सचा सर्वेसर्वा डॅरिल झॅनक यानं चित्रीकरण पाहिलं आणि या बाईचं काम वाढवायला सांगितलं. पडद्यावरची तिची ही पहिलीच हजेरी होती आणि तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. हॉलिवूडमध्ये या वयाला नटीला घरी पाठवायची पद्धत होती. हिला त्या वयात बोलावणं आलं.

जन्म १४ फेब्रुवारी १९०२ चा, ब्रुकलिनमधला. अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये शिक्षण, फिरत्या नाटक मंडळ्यांमध्ये उमेदवारी, ब्रॉडवेवर किरकोळ कामं. १९२७ मध्ये जोसेफ मोरान या नटाशी लग्न झालं. त्यानं पुढं नाटक सोडून जाहिरात कंपनीत नोकरी धरली, हिनं दोन मुलं वाढवली आणि चाळीसच्या दशकात रेडिओवर पुन्हा कामं सुरू केली. मधल्या वर्षांबद्दल चरित्रकार घाईघाईनं पुढं जातात. मला वाटतं, चूक करतात. तिच्या पडद्यावरच्या बायका पिशवी कशी धरतात, कोट काढून कुठं टाकतात, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर आधी कुठं बघतात, हे नाट्यशाळेत कोणी शिकवत नाही. आवाजही तसाच राहिला, ब्रुकलिनच्या बोलीतला, थोडा घोगरा, नाकात जाणारा. स्टुडिओनं तो घासूनपुसून घेतला नाही, हे स्टुडिओचं शहाणपण.

तिच्या नावापुढं एक आकडा नेहमी लावला जातो: ऑस्करची सहा नामांकनं, एकही बाहुली नाही. सहाय्यक भूमिकांची पारितोषिकं अकादमीनं १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू केली आणि पहिली काही वर्षं त्या विजेत्यांना बाहुलीऐवजी नुसती फलकपट्टी देऊन बोळवण केली. थेल्माच्या काळापर्यंत बाहुली मिळू लागली होती, फक्त तिला नाही. १९५० ते १९५३ या चार वर्षांच्या चित्रपटांसाठी तिला लागोपाठ नामांकन मिळालं आणि जोसेफीन हल, किम हंटर, ग्लोरिया ग्रॅहम आणि डॉना रीड या पुढं गेल्या. पुढं १९५९ ला शेली विंटर्स आणि १९६२ ला पॅटी ड्यूक. यातली ग्रॅहम तर ‘द बॅड अँड द ब्यूटिफुल’मध्ये जेमतेम दहा मिनिटं दिसते, म्हणजे भूमिकेच्या लांबीचा प्रश्न नव्हता. मुद्दा हळहळण्याचा नाही, भूमिकांच्या जातीचा आहे. पारितोषिकं बहुतेक वेळा बदलणाऱ्या, मोडणाऱ्या, सुधारणाऱ्या पात्रांना जातात. थेल्माची पात्रं बदलत नाहीत. गोष्ट सुरू होते तेव्हाच त्यांना शेवट ठाऊक असतो.

‘ऑल अबाउट ईव्ह’ (१९५०) घ्या. जोसेफ मॅन्कीविझनं लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, चौदा नामांकनांचा चित्रपट. बेटी डेव्हिसची मार्गो ही रंगभूमीवरची मोठी नटी, आणि बर्डी ही तिची मदतनीस, पूर्वीची व्हॉडव्हिलमधली कलाकार. ईव्ह नावाची नम्र, पापभीरू दिसणारी मुलगी आपली करुण कहाणी सांगते आणि खोलीतली सगळी शिकलेली, नावाजलेली माणसं विरघळतात. बर्डी एक तिरकस शेरा मारते आणि मार्गोची बोलणी खाते. पुढं मार्गो तिला विचारते तेव्हा ती सांगून टाकते, की ही मुलगी तुमचं चालणं, बोलणं, खाणं, विचार करणं एखादं नाटक बसवावं तसं गिरवतेय. बेटी डेव्हिसच्या पुढ्यात असं काही सांगायचं आणि आवाज चढवायचा नाही, यासाठी नटीजवळ स्वतःवर भलताच भरवसा लागतो.

त्यानंतर बर्डी गायब होते. तिला काढून टाकल्याचा प्रसंग नाही, निरोप नाही. चित्रपटाच्या उत्तरार्धात ती नाहीच. चित्रपट पहिल्यांदा पाहताना हे लक्षातही येत नाही, पुन्हा पाहताना खटकतं. पण विचार केला तर मॅन्कीविझची अडचण कळते. बर्डीला जे दिसलं ते आता सगळ्यांना दिसू लागलंय. ती तिथं राहिली असती तर प्रत्येक प्रसंगात तिचा चेहरा म्हणाला असता, सांगितलं होतं ना.

असं तिच्या बाबतीत पुन्हा घडलं. ‘द मिसफिट्स’ (१९६१) हा आर्थर मिलरनं लिहिलेला आणि जॉन ह्यूस्टननं दिग्दर्शित केलेला चित्रपट, क्लार्क गेबल आणि मॅरिलिन मन्रो या दोघांचाही शेवटचा पूर्ण झालेला. घटस्फोटासाठी रीनोला येणाऱ्या बायकांना खोली देणारी इझाबेल थेल्मानं केलीय. हात प्लास्टरमध्ये, हातात ग्लास, आणि पुरुषांविषयी एकही गैरसमज शिल्लक नाही. वाळवंटातली ती उदास मंडळी तिच्यामुळे जरा माणसांत येतात. मग तिचा घटस्फोटित नवरा आणि त्याची नवी बायको, म्हणजे हिचीच मैत्रीण, गाठ पडतात आणि ही आनंदानं त्यांच्याबरोबर निघून जाते. तिच्यानंतर चित्रपटातली हवा जड होते, ती शेवटपर्यंत. रानटी घोडे पकडायला निघालेल्या पुरुषांबरोबर इझाबेल असती, तर तिनं पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना गप्प केलं असतं आणि मिलरला शेवट लिहिता आला नसता.

‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (१९५३) मध्ये तिला कथेतून काढण्यासाठी गोळी घालावी लागली. सॅम्युएल फुलरचा हा चित्रपट वरवर शीतयुद्धाचा: भुयारी रेल्वेत एक पाकीटमार एका बाईच्या पर्समधून पैशांऐवजी सरकारी गुपितांची मायक्रोफिल्म उचलतो आणि पोलीस व कम्युनिस्ट हेर दोघंही त्याच्या मागं लागतात. फ्रान्समध्ये दाखवताना संवाद बदलून हेरांचे अमली पदार्थांचे व्यापारी केले गेले आणि तरी चित्रपट उभा राहिला! याचं कारण राजकारणात नाही, मो विल्यम्समध्ये आहे.

मो रस्त्यावर टाय विकते आणि पोलिसांना खबर विकते. पाकीट मारण्याच्या पद्धतीवरून ती चोर ओळखते. पोलीस ठाण्यात बसून भावासाठी घासाघीस करते, महागाई वाढली तसा माझाही दर वाढला म्हणते. ज्या पाकीटमार स्किपला (रिचर्ड विडमार्क) ती विकते, त्यालाही तिचा राग नाही, कारण तिलाही पोट आहे हे तो जाणतो. पैसे साठवतेय ते स्वतःच्या दफनासाठी. लाँग आयलंडवर चांगली जागा, वर नाव कोरलेला दगड, आणि काही झालं तरी बेवारसांच्या दफनभूमीत जायचं नाही. हे ती विनोदासारखं सांगते, पहिल्यांदा आपण हसतोही.

मग एका रात्री थकून ती खोलीवर येते, ग्रामोफोनवर तबकडी लावते. हेर वाट पाहत बसलेला असतो. स्किपचा पत्ता सांग, पैसे घे. आयुष्यभर पत्ते विकलेली बाई हा एक विकत नाही. तो पिस्तूल काढतो. ती रडत नाही, झगडत नाही. आपण किती दमलोय, पाय किती दुखतात, रोज सकाळी उठून हा गाडा ओढणं किती नकोसं झालंय, हे ती एखाद्या शेजारणीला सांगावं तसं मारेकऱ्याला सांगते. कॅमेरा तिच्यावरून सरकून ग्रामोफोनवर जातो आणि गोळीचा आवाज येतो. पुढं तिची शवपेटी इतर बेवारस पेट्यांबरोबर बोटीवर चढवली जात असताना स्किप येऊन तिला सोडवून नेतो. या चित्रपटाला मिळालेलं ऑस्करचं एकमेव नामांकन थेल्माचं. या भूमिकेचं पारितोषिक हुकलं, याला मात्र माझ्याकडं काही स्पष्टीकरण नाही.

‘रिअर विंडो’तली (१९५४) स्टेला आपल्याकडं जास्त ओळखीची. फिल्म सोसायट्यांमुळे हिचकॉकची तीन पिढ्यांत पारायणं झालीत. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या जेम्स स्ट्युअर्टला मालिश करायला येणारी विमा कंपनीची ही परिचारिका दुसऱ्यांच्या खिडक्यांत डोकावू नये याबद्दल त्याला झापते. १९२९ ची आर्थिक मंदी आपल्याला आधीच कळली होती, हा तिचा दावा. जनरल मोटर्सच्या एका संचालकाची ती शुश्रूषा करत होती आणि तो दिवसाला दहादा शौचाला जात होता, त्यावरून तिनं ताडलं! सगळं आधी कळणारी, पण इथं हिचकॉकनं तिला हाकललं नाही, कटात सामील करून घेतलं. नीतीचे धडे देणारी हीच बाई थोड्या वेळानं, नाश्त्याच्या ताटासमोर, खुन्यानं प्रेत कुठं तोडलं असेल याची रसभरीत चर्चा करते आणि स्ट्युअर्टच्या तोंडातला घास फिरतो. शेवटाकडं ती फावडं घेऊन फुलांचा वाफा खणायलाही उतरते.

नायिकेचं काम तिला मिळालं नाही असं नाही. मिळालं, पण नायिका म्हणून नोंदवलं गेलं नाही. ‘द मेटिंग सीझन’मध्ये (१९५१) हॅम्बर्गरची टपरी चालवणारी आई मुलाच्या नव्या संसारात येते, सून तिला एजन्सीनं पाठवलेली स्वयंपाकीण समजते आणि आई तो गैरसमज तसाच ठेवून कामाला लागते. गोष्ट तिची, चित्रपट तिचा, नामांकन मात्र सहाय्यक भूमिकेचं. त्याच साली जॉर्ज क्यूकरच्या ‘द मॉडेल अँड द मॅरेज ब्रोकर’मध्ये लग्नं जुळवणारी मे स्वेझी. तिच्या स्वतःच्या नवऱ्याला दुसरीनं पळवलेलं. इथंही मुख्य पात्र तीच आणि पाटीवर नाव जीन क्रेन, स्कॉट ब्रेडी यांच्यानंतर तिसरं. दूरचित्रवाणीवर १९५५ मध्ये पॅडी चायेफ्स्कीच्या ‘द केटर्ड अफेअर’मधली आई तिनं केली, पुढच्या वर्षी चित्रपट झाला तेव्हा ती भूमिका बेटी डेव्हिसकडं गेली. रंगभूमी तेवढी न्यायानं वागली: युजीन ओनीलच्या ‘अ‍ॅना क्रिस्टी’वरून केलेल्या ‘न्यू गर्ल इन टाउन’ या संगीतिकेसाठी १९५८ चं टोनी पारितोषिक तिला आणि तिची सहकलाकार ग्वेन व्हर्डन हिला विभागून मिळालं, तेही मुख्य अभिनेत्रीचं.

‘पिलो टॉक’मधली (१९५९) रोज सकाळी कालच्या दारूनं डोकं धरून येणारी मोलकरीण अ‍ॅल्मा ही निव्वळ गंमत. तिच्याकडून गुपित काढण्यासाठी रॉक हडसन तिला प्यायला बसवतो आणि स्वतःच आडवा होतो. ‘बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ’ (१९६२) वेगळाच. मुलाला फाशीपासून वाचवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीपर्यंत धडकणारी आणि तो दुसऱ्या बाईचा होतोय म्हटल्यावर त्याच्याकडं पाठ फिरवणारी आई. इथंही तिला सगळं कळतं, फक्त त्या कळण्याला माया उरलेली नाही. इतर पाच नामांकनांमधल्या बायका कुणाच्याही शेजारी राहाव्यात अशा होत्या. ही नको.

‘बोइंग बोइंग’ (१९६५) हा तिचा उत्तम चित्रपट नव्हे, पण आपला त्याच्याशी दूरचा संबंध आहे. तीन हवाई सुंदऱ्यांना एकमेकींचा पत्ता न लागू देता घरात फिरवणारा टोनी कर्टिस, आणि येईल तिच्या आवडीप्रमाणं स्वयंपाक आणि फोटो बदलून वैतागलेली थेल्माची बर्था. प्रियदर्शननं या गोष्टीवर १९८५ मध्ये त्याच नावाचा मल्याळम चित्रपट केला आणि २००५ मध्ये ‘गरम मसाला’. त्यातला परेश रावलचा चिडका आचारी हा बर्थाचाच वंशज.

तिचा शेवटचा चित्रपट ‘व्हॉट्स सो बॅड अबाउट फीलिंग गुड?’ १९६८ चा, दिग्दर्शक पुन्हा जॉर्ज सीटन. ५ फेब्रुवारी १९६९ ला, सदुसष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, हृदयविकारानं ती न्यूयॉर्कमध्ये गेली. तिची ओळख नव्यानं करून घ्यायची असेल, तर ‘रिअर विंडो’पासून सुरुवात करू नका, त्यात हिचकॉक सारखा मध्ये येतो. आधी मो विल्यम्स पाहा. मग बर्डी. आणि मग वेळ काढून मे स्वेझी, कारण त्या चित्रपटात तिला कोणी मध्येच बाहेर काढत नाही.