एफबीआयचा धडा : दर दोन आठवड्यांनी दाखवा

कागदी फायलींऐवजी संगणकावर तपासाचं काम चालावं, म्हणून अमेरिकेच्या एफबीआयने ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही प्रणाली बनवायला घेतली.

● मागण्यांचा दस्तऐवज ८०० हून अधिक पानांचा. तरीही मागण्या बदलतच राहिल्या.

● २००५ : सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून प्रकल्प गुंडाळला.

● २००६ : ‘सेंटिनेल’ या नव्या प्रणालीचं कंत्राट, पुन्हा विलंब.

● २०१० : एफबीआयने काम स्वतःच्या हाती घेतलं. दोन-दोन आठवड्यांचे टप्पे आखले. टप्प्याअखेरीस तयार भाग संबंधितांना चालवून दाखवला जाई.

● जुलै २०१२ : ‘सेंटिनेल’ सर्व कर्मचाऱ्यांसाठी सुरू.

लक्षात ठेवा : सॉफ्टवेअर ज्यांच्यासाठी बनतं, त्यांना पहिल्या आठवड्यापासून सोबत घ्या. दाखवलेल्या भागाला अंतिम होकार कुणाचा, हे आधीच ठरवा. नकारही वेळेवर आणि स्पष्ट कळवा.